उपजत प्रतिकारशक्ती आणि जिवाणूंची ओळख

एखादा जिवाणू शरीराला पूर्वी कधीच भेटलेला नसला, तरी ऊतींतील महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, त्याला काही मिनिटांत ओळखतात. त्या जिवाणूची जात त्यांना कळत नाही. जिवाणूंच्या मोठ्या गटांत सामाईक असलेले आणि माणसाच्या पेशींत नसलेले रेणू मात्र कळतात. असे रेणू टिपणारी ग्राही प्रथिने असली पाहिजेत, असे प्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडले.

सर्वांत नीट उलगडले आहे ते अंतर्विष, म्हणजे लिपोपॉलिसॅकराइड. टायफॉइडचा साल्मोनेला, ई. कोलाय अशा ग्राम-ऋण (ग्राम रंजनात जांभळा रंग न धरणाऱ्या) जिवाणूंच्या बाह्य पटलात ते असते. रक्तद्रवातील एक प्रथिन त्याचा रेणू उचलून महाभक्षी पेशीवरील सीडी-१४ या प्रथिनाकडे सोपवते. तेथून तो एमडी-२ या सहप्रथिनाच्या खोबणीत बसतो आणि टीएलआर-४ (टीएलआर म्हणजे टोलसदृश ग्राही) ही ग्राही प्रथिने जोडीने एकत्र येतात. मग पेशीत एनएफ-कप्पा-बी हे जनुके चालू करणारे प्रथिन कार्यान्वित होते, टीएनएफ व इंटरल्यूकिने ही दाहाचे संदेश देणारी प्रथिने स्रवतात आणि ताप चढतो. अंतर्विष टोचूनही ढिम्म राहणाऱ्या उंदरांत याच ग्राहीचे जनुक बिघडलेले असल्याचे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. या ग्राहींना ज्यावरून नाव मिळाले त्या फळमाशीतील टोल जनुकाचे प्रतिकारशक्तीतील काम ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्येच उघड केले होते. दोघेही २०११ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

जिवाणूच्या कशाभिकेतील (पोहण्याच्या शेपटीतील) फ्लॅजेलिन हे प्रथिन टीएलआर-५ टिपते, तर पेशीभित्तिकेचे तुकडे पेशीच्या आत असलेले नॉड-२ हे ग्राही टिपते.

ग्राहीला जिवंत आणि मेलेला जिवाणू सारखाच, आणि औषधनिर्मितीत हे फार महत्त्वाचे ठरते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, जिवाणू मरतात, अंतर्विष उरते. म्हणून निर्जंतुक सलाईननेही रुग्णाला हुडहुडी भरू शकते. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या अलेंबिक कंपनीपासून बडोद्यात औषधधंदा रुजला आहे. गायकवाडी काळापासून तेथे राहणाऱ्या मराठी घरांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून जो कोणी या धंद्याच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात जातो, त्याला निर्जंतुक आणि ज्वरकारकमुक्त (अंतर्विषासारख्या ताप आणणाऱ्या द्रव्यांपासून मुक्त) यांतला फरक आधी पक्का करावा लागतो. अंतर्विष नष्ट करण्यासाठी काचसामान २५० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवतात. इंजेक्शनच्या पाण्यात दर मिलिलिटरला ०.२५ अंतर्विष-एककाहून कमी अंतर्विष चालते.

ही तपासणी ज्या एलएएल चाचणीने होते, तीही उपजत प्रतिकारशक्तीच आहे, फक्त दुसऱ्या प्राण्याची. घोड्याच्या नालेसारखे कवच असलेल्या लिम्युलस या सागरी प्राण्याच्या रक्तपेशींचा अर्क अंतर्विषाचा अंश मिळताच गोठतो. त्यातील फॅक्टर-सी हे प्रथिन आता जनुकीय तंत्राने बनवता येते. ती पद्धत सर्वत्र रुळायला हवी, कारण तिच्यासाठी या प्राण्याचे रक्त काढावे लागत नाही.