अंध सहकाऱ्याला संगणक जमत नाही? खुलासा

‘नवीन अंध कर्मचाऱ्याला फोनवर बसवा, संगणक कसा जमणार?’ वर्षानुवर्षं ऐकलेलं हे वाक्य साफ चुकीचं आहे. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं, मराठीसुद्धा. काम कीबोर्डवर चालतं, माउस लागत नाही. माझ्या शेजारचा सहकारी इअरफोन लावून एक्सेलचे रकाने इतक्या वेगात ऐकतो की मला एक शब्द कळत नाही.

तो अडतो आपण पाठवलेल्या स्कॅन परिपत्रकावर. सॉफ्टवेअरसाठी ते नुसतं चित्र असतं. युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमधलं मराठी तर निरर्थक अक्षरं होऊन ऐकू येतं. म्हणून पहिल्याच दिवशी फायली युनिकोडमध्ये द्या. सरकारी कार्यालयांना तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा वाजवी सोयी देणं बंधनकारकच आहे.