किमान वयाची अट: नियम मुलांसाठी, भुर्दंडही मुलांनाच

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये डोंग फांगशियाओ ही माजी जिम्नॅस्ट तांत्रिक अधिकारी म्हणून काम करत होती. ओळखपत्रासाठी दिलेल्या माहितीत तिची जन्मतारीख होती २३ जानेवारी १९८६. आठ वर्षांपूर्वी सिडनी ऑलिंपिकमध्ये ती चीनच्या संघातून खेळली, तेव्हाची नोंद मात्र २० जानेवारी १९८३ अशी होती. बीजिंगमधली तारीख खरी धरली, तर सिडनीत ती १४ वर्षांची होती आणि नियम होता १६चा. चौकशी झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने तिचे निकाल रद्द केले आणि एप्रिलमध्ये ऑलिंपिक समितीने चीनच्या महिला संघाचं कांस्यपदक काढून घेऊन अमेरिकेला दिलं. तोवर स्पर्धेला दहा वर्षं होत आली होती. त्याच संघातल्या यांग युनने सिडनीत आपण १४ वर्षांच्या होतो असं टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हटलं होतं. पण तेवढा पुरावा पुरेसा ठरला नाही आणि तिला ताकीद देऊन सोडण्यात आलं.

खेळातली वयचोरी म्हटली की मोठ्या मुलाला लहान दाखवणं एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. महिलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये आणि फिगर स्केटिंगमध्ये गोष्ट उलटी आहे. हवेत गिरकी घेताना शरीर जितकं लहान, अरुंद आणि हलकं, तितकी ती गिरकी वेगाने पूर्ण होते. वयात येताना उंची वाढते, कंबर रुंदावते, वजन वाढतं आणि काल सहज जमणारी उडी आज जमत नाही. म्हणून इथे लहान मुलीला मोठी दाखवलं जातं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९५६ साली मेलबर्नमध्ये हंगेरीच्या आग्नेस केलेतीने चार सुवर्णपदकं जिंकली तेव्हा ती ३५ वर्षांची होती. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत सर्वांगीण (सर्व प्रकारांचे गुण मिळून) विजेती ठरलेली चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्हस्का २६ वर्षांची होती. हा बायकांचा खेळ होता, मुलींचा नव्हे. पुढे १९७२ मध्ये १७ वर्षांच्या ओल्गा कोर्बुटने प्रेक्षकांना वेड लावलं आणि १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला पहिले पूर्ण १० गुण मिळाले. गुणफलकाला दहाचा आकडा दाखवता येत नव्हता, त्याने १.०० दाखवलं. त्या एका आठवड्यात जगभरच्या प्रशिक्षकांनी जो धडा घेतला, त्याचा निस्तार हा खेळ अजून करतो आहे.

तेव्हा किमान वय १४ होतं. महासंघाने ते १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ केलं. त्या कॅलेंडर वर्षात १६ पूर्ण होत असतील तर चालतं. कारण रास्त होतं. कोवळी हाडं, तासन्‌तासांचा सराव, खाण्यावरचे निर्बंध हे सगळं सोसायला एवढ्या लहान मुलींना भाग पाडू नये. पण मुलींना लवकर तयार करण्याची यंत्रणा जागच्या जागी राहिली आणि मध्ये फक्त एका तारखेचं कुंपण उभं राहिलं. मग तारीखच बदलली जाऊ लागली.

रुमानियाच्या डॅनिएला सिलिवाशने १९८५ साली मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत बीमचं, म्हणजे अरुंद तुळईवरच्या कसरतींचं, सुवर्ण जिंकलं. तिचं जन्मवर्ष बदललेलं होतं, प्रत्यक्षात ती तेव्हा १३ वर्षांची होती, हे तिने स्वतःच २००२ मध्ये सांगितलं. हा निर्णय मोठ्यांनी घेतला होता, तिला कोणी विचारलं नव्हतं. उत्तर कोरियाची किम ग्वांग-सुक तर लागोपाठ तीन वर्षं कागदावर १५ वर्षांचीच होती. १९९१ मध्ये ती अनईव्हन बार्सवर, म्हणजे वर-खाली असलेल्या दोन दांड्यांवर, जगज्जेती झाली. नंतर महासंघाने उत्तर कोरियाला १९९३च्या जागतिक स्पर्धेतून वगळलं, तिचं पदक मात्र तिच्याकडेच राहिलं. डोंगच्या प्रकरणात पदक गेलं आणि ते सगळ्या संघाचं गेलं. कोणत्या गुन्ह्याला कोणती शिक्षा, याचा मेळ मला या इतिहासात कुठेच लागत नाही.

कागद खोटा असेल तर शरीरावरून वय ठरवता येणार नाही का? फुटबॉलमध्ये तो प्रयत्न झाला आहे. तिथली वयचोरी नेहमीच्या दिशेची. मेक्सिकोने २० वर्षांखालील पात्रता स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू उतरवले म्हणून १९८८ मध्ये त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि त्यांच्या मुख्य संघाला १९९० च्या विश्वचषकाला मुकावं लागलं. २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून फिफा मनगटाचं एमआरआय स्कॅन वापरू लागली. मनगटाजवळच्या हाडाची वाढीची पट्टी पूर्ण जुळून गेली असेल, तर तो मुलगा १७च्या आत असण्याची शक्यता फार कमी. क्ष-किरणांऐवजी एमआरआय निवडलं, कारण निरोगी मुलांवर विनाकारण किरणांचा मारा करणं योग्य नाही. पण या चाचणीतून कळतं ते वाढ पुरी झाली एवढंच. १५ आणि १६ वर्षांच्या दोन मुलींमधला फरक तिने सांगता येत नाही, कारण प्रत्येकीचं शरीर आपापल्या वेळेने वाढतं आणि खडतर सरावाने ती वाढ आणखी लांबू शकते. म्हणजे जिम्नॅस्टिक्समध्ये शेवटी जन्मदाखलाच उरतो आणि तो देतं ते सरकार, ज्याला पदक हवं असतं.

बाकीच्या खेळांत एकवाक्यता नाही. ऑलिंपिक सनद वयाचा प्रश्न त्या त्या खेळाच्या महासंघावर सोडते. १९९० मध्ये जेनिफर कॅप्रियाती १४ पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली. काही वर्षांनी महिला टेनिसने लहान मुलींच्या स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा घातली. क्रिकेटमध्ये आयसीसीने १५ वर्षांची अट आणली ती थेट २०२० मध्ये. टोकियो ऑलिंपिकच्या स्केटबोर्डिंगमध्ये मात्र १३ वर्षांची मोमिजी निशिया सुवर्णपदक घेऊन गेली.

फिगर स्केटिंगने १९९६ मध्ये १५ची अट घातली, पण त्या वर्षी जागतिक स्पर्धा खेळलेल्यांना सूट दिली. त्या सवलतीमुळे अमेरिकेची तारा लिपिन्स्की १९९७ मध्ये, १४ व्या वर्षी, जगज्जेती होऊ शकली. जपानच्या माओ असादाला तशी सूट नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये तिने ग्रां प्री अंतिम स्पर्धेत त्या वर्षीची जगज्जेती इरिना स्लुत्स्काया हिला हरवलं, आणि तरीही दोन महिन्यांनी ट्यूरिनच्या ऑलिंपिकला ती जाऊ शकली नाही. ऑलिंपिकआधीच्या १ जुलैपर्यंत १५ पूर्ण हवीत अशी अट होती आणि त्या मुदतीला तिचं वय ८७ दिवसांनी कमी पडलं होतं.

मग २०२२ साली कामिला वालिएव्हाचं प्रकरण आलं. रशियाची ही १५ वर्षांची फिगर स्केटर बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण जिंकून मोकळी झाली, आणि आदल्या डिसेंबरमध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकाराचं औषध सापडल्याचं बाहेर आलं. १६ वर्षांखालील म्हणून उत्तेजकविरोधी संहितेत ती ‘संरक्षित व्यक्ती’ होती, म्हणजे तिच्यासाठी नियम काहीसे सौम्य होते. क्रीडा लवादाने तिला वैयक्तिक स्पर्धेत उतरू दिलं. साऱ्या जगाच्या नजरा अंगावर घेऊन ती बर्फावर उतरली, पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. जानेवारी २०२४ मध्ये लवादाने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्या निर्णयात शिक्षा झाली ती एकट्या वालिएव्हाला. इतक्या लहान मुलीच्या हातात ते औषध स्वतःहून आलं असेल, हे मला पटत नाही.

जून २०२२ मध्ये, म्हणजे बीजिंगनंतर चारच महिन्यांत, स्केटिंग महासंघाने १०० विरुद्ध १६ मतांनी किमान वय टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरवलं. २०२४-२५ च्या हंगामापासून ते पूर्ण लागू झालं. या अटीमुळे मिलान-कोर्तिनाच्या २०२६ च्या ऑलिंपिकचं दार जिच्यासाठी बंद झालं, ती जपानची शिमादा माओ. २०२३ पासून लागोपाठ तीन वर्षं ती कनिष्ठ गटात जगज्जेती होती. मुदत होती १ जुलै २०२५ आणि तिचा सतरावा वाढदिवस ३० ऑक्टोबरला. तिचं नाव माओ असादावरून ठेवलेलं आहे.