पार्श्वभूमी : पेशी आपले मरण कसे घडवून आणते

पेशीला मरायला बाहेरून काही आणावे लागत नाही. मरणाला लागणारी प्रथिने ती ठणठणीत असतानाही तिच्या आत तयार असतात, फक्त निष्क्रिय रूपात. इशारा मिळाला की ती जागी होतात आणि काही तासांत पेशीचा सगळा गाशा गुंडाळतात. आज हे पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकले जाते, पण इथवर पोहोचायला जवळजवळ दीड शतक लागले. पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता. मरण म्हणजे बिघाड, त्यात शोधण्यासारखे काय, अशी समजूत मात्र आड येत होती.

१८४२ मध्ये कार्ल फोग्ट यांनी भेकाच्या पिल्लांची वाढ पाहताना नोंदवले की पृष्ठरज्जूच्या पेशी नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. १८८५ मध्ये वाल्टर फ्लेमिंग यांनी अंडाशयातल्या मरणाऱ्या पेशींची केंद्रके तुकडे होताना रेखाटली. पेशीविभाजनाचे बारकावे जगाला दाखवणारा हाच शास्त्रज्ञ. त्याचे विभाजनाचे काम अजरामर झाले, मरणाची चित्रे विस्मरणात गेली. विसाव्या शतकात भ्रूणाचा अभ्यास करणाऱ्यांना हे मरण पुन्हा पुन्हा भेटत राहिले. बोटे सुटी व्हायची तर मधल्या पेशी मराव्या लागतात आणि बेडूकमाशाची शेपटीही अशीच जिरते. १९६०च्या दशकात रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी रेशमाच्या पतंगात पाहिले की कोषातून बाहेर पडल्यावर काही स्नायू ठरल्या वेळी विरघळून जातात. त्याला त्यांनी पूर्वनियोजित पेशीमृत्यू म्हटले.

नेमके निरीक्षण मात्र जॉन केर यांचे. ऑस्ट्रेलियाच्या या विकृतिशास्त्रज्ञाने उंदराच्या यकृताला रक्त नेणाऱ्या शिरेची एक शाखा बांधली. काही पेशी अपेक्षेप्रमाणे सुजून फुटल्या आणि आजूबाजूला दाह झाला. पण यकृताचा तो भाग हळूहळू आकसत असताना इकडेतिकडे एकएकट्या पेशी वेगळ्याच तऱ्हेने मरत होत्या. त्या लहान होत, केंद्रकातला ऐवज घट्ट गोळा होई, मग पेशीचे आवरणासकट तुकडे पडत आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकत. दाहाचे नाव नाही. पुढे स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला अँड्र्यू वायली आणि अॅलस्टेअर करी यांच्याबरोबर केर यांनी १९७२ मध्ये हे मांडले आणि तिथल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवलेले 'अॅपोप्टोसिस' हे नाव दिले. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे, असा त्याचा अर्थ. आपला 'पानगळ' हा शब्द त्याच्या किती जवळचा आहे! पानगळीत झाड मोडत नाही, ते स्वतःच पान सोडते.

१९८० मध्ये वायली यांना या मरणाची खूण प्रयोगशाळेच्या जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, दिसली. मरणाऱ्या पेशींचा डीएनए वेडावाकडा तुटत नव्हता, तर साधारण १८० बेसजोड्यांच्या (डीएनएच्या साखळीतल्या दुव्यांच्या) पटीतल्या तुकड्यांत कापला जात होता. जेलवर शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटत. म्हणजे कुणीतरी मोजूनमापून कात्री चालवत होते. पण कोण?

उत्तर एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीतून आले. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजला सीनोऱ्हॅबडायटिस एलेगन्स हा पारदर्शक कृमी अभ्यासाला घेतला होता. जॉन सल्स्टन यांनी त्याच्या भ्रूणातली प्रत्येक पेशी कुठून आली, कुठे गेली, हे डोळ्यांनी पाहून नोंदवले. दीड वर्ष, दिवसातून दोनदा, दर वेळी चार-चार तास ते सूक्ष्मदर्शकाशी बसत. आधीच्या आणि या नोंदी जुळवल्यावर हिशेब लागला : उभयलिंगी कृमीत १,०९० कायिक पेशी (प्रजननपेशी सोडून शरीराच्या इतर पेशी) तयार होतात आणि त्यांतल्या बरोबर १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी, त्याच वेळी. मला या साऱ्या इतिहासात हा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. मरण जर इतके ठरलेले असेल, तर ते जनुकांत लिहिलेले असणारच.

रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या गटाने ती जनुके शोधली. १९८६ मध्ये सीईडी-३ आणि सीईडी-४ सापडली. यांतले एक बिघडले तरी त्या १३१ पेशी जगून राहत. पुढे सीईडी-९ मिळाले, ते मरण रोखणारे. १९९३ मध्ये जुनयिंग युआन आणि सहकाऱ्यांना सीईडी-३ हे माणसातल्या एका प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमासारखे असल्याचे आढळले. कात्रीचे कूळ सापडले होते. या कुळाला आज कॅस्पेज म्हणतात. ही एन्झाइमे अॅस्पार्टेट या अमिनो आम्लाच्या लगेच पुढे प्रथिनाची साखळी कापतात आणि ती स्वतःही अशाच छेदाने जागी होतात. मग एक दुसऱ्याला उठवते. डीएनए कापणारे एन्झाइम एरवी एका पहारेकरी प्रथिनाने धरून ठेवलेले असते. कॅस्पेज त्या पहारेकऱ्यालाच कापते आणि वायलींच्या शिडीच्या पायऱ्या पडू लागतात.

दुसरा धागा कर्करोगाचा. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगात १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-२ हे जनुक अतिरेकी चालते. ते पेशींची वाढ भडकवत असणार, असाच अंदाज होता. १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड वॉ, सुझॅन कोरी आणि जेरी अॅडम्स यांनी दाखवले की बीसीएल-२ असलेल्या पेशी पोषक संदेश काढून घेतला तरी मरत नाहीत, मात्र विभाजितही होत नाहीत. मरण अडवणे हाही कर्करोगाचा मार्ग होता. १९९२ मध्ये माणसाचे बीसीएल-२ कृमीत घातले, तर तिथल्याही पेशी मरायच्या थांबल्या. माणूस आणि कृमी यांच्यात मरणाची यंत्रणा एकच निघाली.

कळ कशी दाबली जाते, हे १९९६ मध्ये शाओडाँग वांग यांच्या गटाने अमेरिकेत उलगडले. पेशींच्या अर्कात डीएटीपी (डीएनएच्या बांधणीत लागणारा एक छोटा रेणू) घातले की कॅस्पेज जागे होत होते. अर्काचे भाग पाडत त्यांनी त्यासाठी लागणारे एक प्रथिन वेगळे केले, तर ते निघाले सायटोक्रोम-सी : पेशीला ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकांतले, श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे, दशकानुदशके माहीत असलेले प्रथिन. तंतुकणिका न फोडता अर्क काढला तर प्रयोग फसत असे. जगवणारे प्रथिन आपली जागा सोडून बाहेर आले की तेच मरणाचा इशारा ठरते, हे सहजी पचणारे नव्हते. पुढच्याच वर्षी अॅपॅफ-१ सापडले, सीईडी-४ चा माणसातला भाऊबंद. सायटोक्रोम-सी त्याला चिकटले की सात अॅपॅफ मिळून चाकासारखी रचना होते आणि त्या चाकावर कॅस्पेज-९ जागे होते. सायटोक्रोम-सी बाहेर पडावे म्हणून बॅक्स आणि बॅक ही प्रथिने तंतुकणिकेच्या बाह्य आवरणाला भोके पाडतात, बीसीएल-२ त्यांना आवरते.

बाहेरून येणारी वाटही आहे. शिगेकाझू नागाता यांनी १९९१ मध्ये फास या पेशीच्या पृष्ठभागावरच्या, बाहेरचा संदेश टिपणाऱ्या ग्राहीचे जनुक वेगळे केले. ठरावीक प्रथिन त्याला येऊन भिडले की आत कॅस्पेज-८ जागे होते. कृमीवरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले.

बीसीएल-२ च्या अंगावर एक खाच असते. मरणाचा निरोप आणणाऱ्या प्रथिनांचा छोटा भाग तीत बसतो आणि बीसीएल-२ त्यांना तिथेच अडकवून ठेवते. नेमकी तीच खाच व्यापणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रकारच्या दीर्घकालीन रक्तकर्करोगासाठी मंजूर झाले. या आजारात त्याचा डोस २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत चढवावा लागतो. एकदम पूर्ण डोस दिला, तर अडवून धरलेले मरण इतक्या पेशींत एकाच वेळी सुटते की त्यांतून बाहेर पडणारे पदार्थ निपटताना रुग्णाची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.