लवचिक वर्गखोली

लवचिक वर्गखोली : प्राथमिक शाळेतली अशी खोली की जिच्यात मुलांची बसण्याची मांडणी, गटांचा आकार आणि कामाची जागा एकाच दिवसात दोनचार वेळा बदलता येते, आणि सामानही त्याच हिशेबानं घेतलेलं असतं. सकाळी गोलात परिपाठ, मग चार-चारचे गट, एक गट फरशीवर, एक भिंतीपाशी, एखादं पोरगं कोपऱ्यात एकटं पुस्तक घेऊन, आणि शेवटी पुन्हा सगळे एकत्र. व्हरांडा, कट्टा, झाडाखालची जागा हेही यात धरतात. या नोंदीत पहिली ते पाचवीपुरता आणि मुख्यतः कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात विचार केलाय.

उगम : यावर एकमत नाही. बहुतेक शिक्षणशास्त्रीय लिखाण सुरुवात अमेरिकन शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्यूईपासून करतं. त्यानं १८९९ साली शिकागोत दिलेल्या व्याख्यानांत एक प्रसंग सांगितलाय, शाळेसाठी बाकं शोधत फिरताना एका दुकानदारानं त्याला म्हटलं की तुम्हाला मुलं काम करू शकतील असं काहीतरी हवंय आणि आमच्याकडचं सगळं ऐकण्यासाठीचं आहे. दुसरा गट इटलीच्या डॉक्टर मारिया मॉंटेसरीला मान देतो, कारण १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत तिनं सुरू केलेल्या बालशाळेत मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या आणि हाताला येतील अशी बुटकी कपाटं होती. इमारतीच्या अंगानं बघणारे मात्र १९४० ची अमेरिकेतल्या विनेटका गावची क्रो आयलंड शाळा धरतात, सारिनेन पितापुत्र आणि पर्किन्स-व्हीलर-विल या वास्तुविशारदांनी बांधलेली. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची खोली, खिडकीतच बसायची जागा, हलवता येणारं फर्निचर आणि प्रत्येक वर्गाला थेट बाहेर जायचा दरवाजा असं सगळं तिथं एकत्र आलं.

आपल्याकडचे काही अभ्यासक म्हणतात की हे सगळं उशिराचं आहे, पंतोजीच्या शाळेत बाक कुठं होतं? देवळात नाहीतर वाड्याच्या ओसरीवर मुलं जमिनीवर बसायची, धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, वयाप्रमाणे इयत्ता नव्हत्या, आणि मोठी मुलं लहानांना शिकवायची. मोठ्यांनी लहानांना शिकवायची हीच पद्धत अँड्र्यू बेलनं १७९० च्या दशकात मद्रासेत वापरून पुढं इंग्लंडला नेली. हा मुद्दा खोटा नाही पण त्याला फार ताणू नये. पंतोजीकडं जागा मोकळी होती, शिकणं मोकळं नव्हतं, पाठांतर आणि छडी यावरच सगळं चालायचं आणि गावातल्या निम्म्याहून जास्त पोरांना त्या ओसरीवर चढायलाच मिळत नव्हतं. मराठी मुलखापुरतं बोलायचं तर ताराबाई मोडकांची परंपरा जास्त जवळची वाटते. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९४५ ला बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला ग्रामीण बालशिक्षणाचं काम. तिथं त्यांनी आणि अनुताई वाघांनी मॉंटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, काटक्या, माती यांची साधनं केली, आणि मुलं गुरं चारायला जातात तर शाळाच कुरणावर नेली. शाळेची जागा मुलाच्या जगण्याकडं सरकवायची ही कल्पना या मंडळींनी विदेशी फर्निचरशिवाय करून दाखवली.

कोल्हापूर : संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं ते साधारण १९१७ चं. कोणी जाहीरनाम्याचं वर्ष देतं, कोणी १९१८ देतं कारण प्रत्यक्ष अंमल तेव्हा सुरू झाला, आणि इथं दुसरं जास्त उपयोगी, कारण जागेचा प्रश्न अंमलातच उभा राहतो. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, पण एवढ्या मुलांना बसवायला इमारती कुठल्या असणार, म्हणून देवळं, चावड्या, धर्मशाळा शाळेसाठी वापरल्या गेल्या. ही गरजेतून आलेली लवचिकता. तिच्यापेक्षा मोठी गोष्ट १९१९ ची, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. वर्गात कोण कुठं बसतं हा प्रश्न या जिल्ह्यात फर्निचरच्या आधी माणुसकीचा होता, आणि बसण्याच्या मांडणीवर लिहिणाऱ्यानं हे विसरू नये.

१९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. अनुभवातून शिकणं, प्रकल्प, परिसरभेटी यांवर तिथं भर राहिला आणि वर्गाची हद्द शाळेच्या भिंतीपाशी संपत नाही हे इथल्या शिक्षकांच्या एका पिढीनं तिथून उचललं.

सरकारी योजना : खडू-फळा मोहिमेत (१९८७-८८) प्रत्येक प्राथमिक शाळेला कुठल्याही ऋतूत वापरता येतील अशा किमान दोन मोठ्या खोल्या आणि रुंद व्हरांडा असं ठरलं होतं. व्हरांडा त्यात होता हे महत्त्वाचं, कारण पुढं बऱ्याच गावात तो ग्रील लावून सायकली आणि मोडक्या बाकांसाठी वापरात आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शिक्षकामागं एक वर्गखोली सांगितली, आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता दोन खोल्यांत. तिथं जोडवर्ग अध्यापन करावंच लागतं आणि एक इयत्ता शिकवताना दुसरीला स्वतःचं काम करत बसता येईल अशी जागा नसेल तर गुरुजी काय करणार? लवचिक वर्गाची खरी गरज शहरातल्या इंग्लिश मीडियमपेक्षा शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या वाड्यांवर जास्त आहे, आणि हे सगळ्यात कमी बोललं जातं.

साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मूल स्वतः करून ज्ञान रचतं असं धरून शिकवणं, रुजवली आणि २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर ती राज्यभर गेली. बाकं बाहेर, फरशीवर ऑइलपेंटनं गोल, चौकटी, संख्यारेषा, आणि भिंतीच्या खालच्या भागात मुलाच्या हाताला येईल असा तळफळा. चेन्नई महापालिकेनं २००३ च्या सुमारास सुरू केलेल्या कृतियुक्त शिक्षणातही मुलं खाली चटईवर आणि बुटके फळे असंच होतं, त्याचं मूळ आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत. तळफळा ही यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकलेली गोष्ट म्हणावी लागेल.

परदेशातला अनुभव : इंग्लंडमध्ये फिनमिअरची छोटी शाळा (१९५९) सरकत्या पडद्या-भिंतींसाठी गाजली, १९६७ च्या, प्राथमिक शिक्षणावरच्या प्लाउडेन अहवालानं बालकेंद्री शिक्षणाला बळ दिलं, आणि मग दोन्हीकडं, म्हणजे इंग्लंड-अमेरिकेत, भिंती नसलेल्या मोठ्या हॉलसारख्या शाळांची लाट आली. १९७० च्या दशकाच्या शेवटाकडं ती ओसरली, बऱ्याच ठिकाणी पुन्हा पार्टिशनं घातली. शिक्षकांना प्रशिक्षण नव्हतं हे एक कारण देतात, पण आवाज हे कारण जास्त ठोस आहे. २०१५ मध्ये सॅलफर्ड विद्यापीठाचा अभ्यास आला, २७ शाळा, १५३ वर्गखोल्या, ३,७६६ मुलं, आणि निष्कर्ष असा की वर्षभरातल्या प्रगतीत मुलामुलांत जो फरक पडतो त्यातला सुमारे १६ टक्के फरक खोलीच्या गुणांशी जोडता येतो. उजेड, हवा, तापमान यांचा वाटा सगळ्यात मोठा, लवचिकता त्यांच्या बरोबरीनं नाही पण आहे. लहान मुलांना एका खोलीत वेगवेगळे कोपरे असलेले फायद्याचे, मोठ्यांना साधी मोकळी खोली बरी.

आवाज : इथं थोडं सविस्तर, कारण गटात काम म्हणजे एकाच वेळी पाच-सहा मुलांचं बोलणं, आणि खोली घुमत असेल तर मांडणी कितीही चांगली असली तरी दोन आठवड्यांत बाई मुलांना पुन्हा रांगेत बसवतात, त्यांचा घसाच तेवढं सोसत नाही. खोली किती घुमते हे मोजायचं सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननं १८९५ नंतरच्या प्रयोगांतून दिलं. खोलीच्या घनफळाला ०.१६१ नं गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणानं (भिंती, सामान, माणसं मिळून किती आवाज पितात ते, चौरस मीटरमध्ये) भागायचं, उत्तर म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, सेकंदात येतो. सहा बाय साडेसात मीटरची, ३.३ मीटर उंच स्लॅबची खोली घेऊ. घनफळ १४८.५ घनमीटर. प्लास्टर, फरशी, स्लॅब मिळून पृष्ठभाग १७९ चौरस मीटरच्या आसपास पण शोषण जेमतेम पाच-सहा, तीस मुलांचे कपडे-अंग मिळून आणखी दहा धरा. एकूण १६ म्हणजे घुमणं दीड सेकंद. अमेरिकन प्रमाणकात अशा खोलीला मर्यादा ०.६ सेकंदाची आणि रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या आत. ०.६ ला यायचं तर शोषण ४० हवं, म्हणजे २४ कमी पडतंय. ते छतातूनच मिळू शकतं, ४५ चौरस मीटरच्या छताला निम्म्याहून थोडा जास्त आवाज पिणारं आवरण लावलं की काम होतं.

उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या असतात म्हणून हा त्रास कमी जाणवतो, उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, सॅबिननं एककच त्यावरून धरलं होतं. पण जून ते सप्टेंबर खिडक्या बंद आणि वर पत्रा असेल तर पावसाचा मारा वेगळाच. मंगलोरी कौलांच्या जुन्या खोल्या या बाबतीत कितीतरी शांत असतात, त्यांचं निर्लेखन करताना, म्हणजे त्या निकामी ठरवून यादीतून काढताना, हे कोणी लिहून ठेवत नाही याचं वाईट वाटतं. छताला लाकडी तंतू आणि सिमेंटचे बोर्ड चांगले, ओल सोसतात. फोम पश्चिमेकडच्या तालुक्यात बुरशी धरतो आणि आग लागली तर धोक्याचा. अंड्याचे ट्रे लावू नयेत, ते फक्त वरच्या पट्टीचा थोडा आवाज घेतात. पैसे नसतील तर जाड वाकळ भिंतीपासून चार बोटं पुढं दांडीला टांगावी, भिंतीला चिकटवलेल्या कापडापेक्षा ती बरंच जास्त काम करते. बाकी ही आकडेमोड भिंती नसलेल्या हॉलला तशीच लागू करू नये.

बैठक आणि सामान : पहिलीचं मूल साधारण ११० ते ११५ सेंटीमीटर, चौथीचं १३० च्या आसपास. युरोपीय प्रमाणकात या उंचींना बैठकीची उंची ३१ आणि ३५ सेंटीमीटर, टेबलाची ५३ आणि ५९, त्यावरच्या टप्प्यात बैठक ३८ आणि टेबल ६४. आपल्याकडं जोडबाक बऱ्याचदा एकाच मापाचं सगळ्या इयत्तांना येतं, पहिलीच्या पोरांचे पाय लोंबकळत राहतात. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीत चौकोनी पाइपचं काम करणारा कोणीही फॅब्रिकेटर तीन मापं करून देऊ शकतो, फक्त ऑर्डर देताना ती लिहून द्यावी लागतात. टेबल दोन मुलांना उचलता यावं, कडा गोल, पायांना रबरी बूट. चाकं शहाबादी फरशीच्या सांध्यांत अडकतात, तिथं नकोत. समलंब आकाराची टेबलं दोन जोडली की षटकोन होतो म्हणून गटासाठी सोयीची.

तरी पहिली-दुसरीला फरशी हेच मुख्य फर्निचर. बसकर पट्ट्या लांबच्या लांब असल्या की मुलं आपोआप रांगेत बसतात, त्याऐवजी सुटी बसकरं द्यावीत म्हणजे गोल होतो. सोबत फूटभर उंचीची बैठी डेस्कं, मांडी खाली जाईल अशी, नाहीतर पाठीला पोक येतो.

कपाटांकडं सगळ्यात दुर्लक्ष होतं. साहित्य गोदरेजच्या कपाटात कुलपात राहिलं तर वर्ग लवचिक होत नाही, मुलानं बाईंकडं मागायचं म्हटलं की संपलं. उघडी मांडणी, वरचा कप्पा मुलाच्या खांद्याच्या वर नाही, आणि भिंतीला पक्की आवळलेली. तीच मांडणी आडवी लावून खोलीचे दोन भाग करायचे असतील तर खालचा कप्पा जड ठेवायचा.

भिंती : इमारतच शिकवेल अशी रंगवायची कल्पना (बाला नावानं ती प्रसिद्ध झाली) चांगलीच आहे, दरवाजा उघडताना कोन दिसणं, जिन्यावर संख्या. पण नंतर काही ठिकाणी एक इंचही भिंत मोकळी राहिली नाही. सॅलफर्डच्याच अभ्यासात फार भरलेली आणि फार रिकामी दोन्ही खोल्या मागं पडल्या, भिंतीचा पाचवा भाग ते निम्मा भाग मोकळा असावा असं त्यांचं म्हणणं. मोकळ्या भिंतीवर मुलांचं या आठवड्याचं काम लागावं. कंत्राटदारानं रंगवलेला हत्ती सात वर्षं तिथंच असतो.

पाऊस आणि पूर : गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, शिरोळला पाचशेच्या घरात, एकाच जिल्ह्यात. त्यामुळं एकच नमुना बारा तालुक्यांना लावता येत नाही. पश्चिमेला साधं प्लायवूड फुगतं, व्हरांड्याचा पावसाकडचा भाग वापरता येत नाही, तिथं पागोळी आत येणार नाही एवढं छप्पर पुढं काढलं तरच व्हरांडा वर्ग होतो. पूर्वेला कृष्णा-पंचगंगेकाठी २००५, २०१९, २०२१ चे पूर आठवावेत. पाण्यात जाणाऱ्या शाळांना वरच्या मजल्यावर नेता येईल असं हलकं, एकात एक बसणारं सामान हवं, आणि पाण्याबाहेरच्या शाळांत पूरग्रस्तांची सोय होते म्हणून त्या खोल्या तासाभरात मोकळ्या करता याव्यात. प्लग छातीच्या उंचीवर.

कोण कुठं बसतं : मनाला येईल तिथं बस म्हटलं की मुलं गल्लीप्रमाणं, नात्याप्रमाणं, मुलं-मुली वेगळे असे गट धरतात, आणि एखादं मूल दरवाजापाशी एकटं पडतं. म्हणून गट शिक्षकानं ठरवायचे आणि दर आठवड्याला मोडायचे. व्हीलचेअरसाठी टेबलांमधून किमान ९० सेंटीमीटरची वाट सोडावी लागते, ती मांडणी बदलल्यावरही राहिली पाहिजे, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाची जागा घुमणाऱ्या कोपऱ्यात नको.

खर्च : समग्र शिक्षा योजनेचा निधी, ग्रामपंचायत आणि शैक्षणिक उठाव, म्हणजे शाळेसाठी लोकांकडून जमवलेली मदत, हे नेहमीचे मार्ग. उठावात गावकरी आणि माजी विद्यार्थी मनापासून देतात, पण टीव्ही किंवा बाकं देतात कारण त्यावर नाव घालता येतं. छताच्या बोर्डावर नाव घालता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं आधी क्रम लावून घेतला तर बरं पडतं : गळती आणि उजेड, मग छताचा आवाज, मग उघड्या मांडण्या आणि तळफळे, सुटी बसकरं, आणि टेबलं त्यानंतर, तीही तिन्ही मापांत.