तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळी मोजतात का?

'तुरुंगात दिवस-रात्र वेगळे धरतात, म्हणून जन्मठेपेची 14 वर्षे 7 वर्षांतच संपतात.' हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. मुलाकातीला जाळीपलीकडचा चेहरा वीसेक मिनिटं पाहून परतणाऱ्या माणसाला त्यावर विश्वास ठेवावासा वाटला तर नवल नाही.

पण तुरुंगातला दिवसही चोवीस तासांचाच. मुळात जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. मग 14 हा आकडा आला कुठून? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 475 वाचा (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 433-अ). खुनासारख्या, फाशीही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष 14 वर्षं भोगल्याशिवाय शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही. म्हणजे ही किमान अट. त्यानंतर सुटका आपोआप होत नाही, सरकार विचार करतं.

लोक लवकर सुटताना दिसतात, हेही खरंच. ठरावीक मुदतीच्या शिक्षेतून खटल्याआधीची कोठडी वजा होते (कलम 468), शिवाय काम आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल माफी, म्हणजे शिक्षेच्या दिवसांत सूट, मिळते. त्या माफीचे दिवस कैद्याच्या हिस्टरी तिकिटावर (तुरुंगातल्या त्याच्या नोंदपत्रकावर) नोंदवतात. पुढच्या मुलाकातीत तेवढं विचारून घ्या.