राख कोकणातली, सोयाबीन काळ्या रानातले

चुलीतली मूठभर राख पाण्यात कालवा, वरचे निवळ पाणी वाटीत काढा आणि त्यात चिमूटभर हळद टाका. हळद लालसर होते, म्हणजे राख आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. सोयाबीनला राख द्यावी का, याचे निम्मे उत्तर त्या रंगातच आहे. लाकडाच्या राखेत पालाश (पोटॅश) साधारण 5 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) 1-2 टक्के आणि नत्र (नायट्रोजन) जवळजवळ शून्य. ते धुरावाटे निघून गेलेले असते. चुना मात्र या सगळ्यांहून कितीतरी जास्त.

पोटॅश हा शब्दही भांड्यातल्या राखेवरूनच आला. युरोपात राख भिजवून तिचे पाणी भांड्यात आटवत आणि तळाशी उरलेला क्षार साबण-काचेच्या कारखान्यांना विकत. अमेरिकेने 31 जुलै 1790 रोजी दिलेले पहिले पेटंट सॅम्युअल हॉपकिन्स यांच्या पोटॅश बनवण्याच्या सुधारित रीतीला होते. 1807 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी याच क्षारातून पोटॅशियम वेगळे केले. पुढे 1860च्या दशकात जर्मनीत श्टासफुर्टच्या खाणींतून पालाश निघू लागले, तेव्हा राखेचा भाव उतरला.

आपल्याकडे राखेची खरी शेती कोकणात आणि घाटमाथ्यावर. पावसाळ्याआधी टहाळ, पालापाचोळा, शेण अंथरून जागा भाजायची आणि त्या राखेत भाताची रोपे करायची, तो राब. जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधने आणली तेव्हा इंग्रजी अमलात त्यावरून बरीच भांडणे झाली. 1889 ते 1891 या काळात हिंदुस्थानातील शेती पाहायला आलेले रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनीही अहवालात राबाची दखल घेतली. जांभ्याच्या आम्ल जमिनीत राखेतला चुना आणि पालाश दोन्ही कामी येतात, म्हणून ही रीत टिकली असावी, असे मला वाटते.

सोयाबीन मात्र दुसरीकडेच रुजले. 1960च्या दशकात पंतनगर आणि जबलपूर येथे अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने काम सुरू झाले, 1967 मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आला आणि पीक पसरले ते माळव्याच्या काळ्या रानात. तिथून विदर्भ, मराठवाडा. 1994 साली प्रसारित झालेल्या जेएस 335 या वाणाने तर अनेक गावांचा खरीपच बदलला. ज्या घरात पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळकी झाडे, जाळतात तिथे राखेची वानवा नाही, पण तिथल्या जमिनीला ती हवीच असते असे नाही.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी आम्ल जमिनीत नीट भरत नाहीत. ॲल्युमिनियम मुळांना जाचते, मॉलिब्डेनम पिकाला मिळत नाही आणि हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंना ते तर लागतेच. तिथे राख सामू (pH; आकडा जितका कमी तितकी जमीन आम्ल) वर आणते, गाठी सुधारतात. ब्राझीलच्या सेराडो या गवताळ पठारी प्रदेशात सोयाबीन उभे राहिले तेही आम्ल जमिनीत चुनखडी ओतून. राख पुरवायला तिथे रान पुरले नसते.

काळ्या जमिनीत सामू आधीच 8च्या आसपास, चुनखडी भरपूर, पालाशही बहुधा बऱ्यापैकी. त्यावर राख पडली की लोह आणि जस्त आणखी अडकतात. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग पीक उपाशी दिसते म्हणून युरिया फेकला जातो. राख आणि युरिया एकत्र पडले तर अमोनियाचा उग्र वास नाकाला झोंबतो. तो पैसाच उडत असतो.

कोल्हापूर जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. सोयाबीन आहे आणि घाटाकडच्या पट्ट्यात जांभ्याची तांबडी जमीनही आहे. तिथे चुलीच्या राखेला अर्थ आहे. पण माती तपासून, पेरणीच्या आधी मातीत मिसळून, बियाण्याला न चिकटवता.

आता राख पोत्यातूनही येऊ लागली आहे. साखर कारखान्यांच्या आसवन्यांमधले मळीचे सांडपाणी बॉयलरमध्ये जाळून उरलेल्या राखेपासून पालाश खत बनते. त्यात पालाश किमान 14.5 टक्के. 2021 मध्ये केंद्राने त्याला खत अनुदानात जागा दिली, कारण आपले म्युरेट ऑफ पोटॅश हे नेहमीचे पालाश खत परदेशातूनच येते.