वॉशिंग्टनमध्ये कॉलेजातून आणि नोकरीतून हायस्कूलचं क्रेडिट: अर्ज कुठे अडकतो

वॉशिंग्टन राज्यात सरकारी हायस्कूलच्या अकरावी-बारावीतल्या मुलांना 'रनिंग स्टार्ट'मधून कम्युनिटी कॉलेजात शिकता येतं. ट्यूशन फी लागत नाही. पुस्तकं, इतर फी आणि जाण्यायेण्याचा खर्च मात्र घरचा. पूर्ण केलेला अभ्यास 'क्रेडिट'मध्ये मोजतात; कॉलेजची 5 क्रेडिट्स म्हणजे हायस्कूलचं 1. कॉलेजचा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यात फारसं कुणाचं अडत नाही.

अडतं ते एनरोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्मवर. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात आणि तो दर क्वार्टरला, म्हणजे कॉलेजच्या प्रत्येक सत्राला, नव्याने द्यावा लागतो. फॉलचा, म्हणजे सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राचा, दिला म्हणजे वर्षाचं काम झालं, असं समजू नका. आणि फॉलची सही जूनमध्येच घ्या. उन्हाळ्यात काउन्सेलर शाळेत सापडत नाहीत, कॉलेजची नोंदणी मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

दुसरा घोळ मर्यादेचा. शाळा आणि कॉलेज मिळून पूर्णवेळेच्या 1.4 पटीपर्यंतच फी माफ असते. कॉलेजचा पूर्णवेळ 15 क्रेडिट्सचा. म्हणजे शाळेचे सगळे तास चालू ठेवले, तर कॉलेजची 6 क्रेडिट्स उरतात. बरेच कोर्स 5 क्रेडिट्सचे असल्याने प्रत्यक्षात एकच बसतो. हौसेने दुसरा घेतला, की बिल घरी येतं.

नोकरीतून हायस्कूलचं 1 क्रेडिट मिळवायला साधारण 360 तास काम लागतं. शिकाऊ स्वरूपाचं काम असेल तर 180. पण शाळा, पालक आणि मालक यांच्यातला लेखी करार काम सुरू होण्याआधी व्हायला हवा. सुट्टीत दुकानात राबून सप्टेंबरमध्ये पगाराच्या पावत्या घेऊन गेलेल्या मुलाला हे सांगून परत पाठवतात. इतकी महत्त्वाची अट आधी ठळकपणे सांगायला काय हरकत आहे? शिवाय 18 वर्षांखालच्यांना कामावर ठेवायला मालकाकडे वेगळा परवाना लागतो. तो आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

आपल्या भारतीय घरांमधली खरी अडचण एच-4 व्हिसाची, म्हणजे एच-1बी वर्क व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसाची. या व्हिसावरच्या मुलांना नोकरीची परवानगी नसते, त्यामुळे नोकरीच्या कागदांसाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. मूल मुलाखत देऊन, निवड होऊन येतं आणि मग कागदांपाशी सगळं थांबतं. फार वाईट वाटतं त्याला. अशा मुलांना आधीच स्पष्ट सांगा आणि रनिंग स्टार्टकडे वळवा. तिथे वर्क परमिट लागत नाही.

फक्त कोर्स निवडताना सांभाळून. तिथली ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायम राहते आणि मुलाच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज ती पालकांनाही सांगत नाही.